राऊळ सरांचा दुसरा डोळा

राऊळ सरांना मी हायवेवर झाडाची साल सोलताना पकडलं. पकडलं हाच शब्द बरोबर आहे. फेब्रुवारी संपत आला होता, विक्रोळीजवळची सर्व्हिस रोडच्या कडेची ती गुलाबी झाडं नुसती फुलांनी लगडली होती, आणि मी मुलुंडहून बसने घाटकोपरला कॉलेजला निघाले होते. खिडकीत बसून फुलं बघत होते. एका बुंध्याशी एक माणूस पाठमोरा वाकून काहीतरी करत होता. पांढरा हाफ शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, डोक्यावर मळकी कॅनव्हासची टोपी. तसली टोपी अख्ख्या मुंबईत एकाच माणसाकडे आहे. मी मनात म्हटलं, छे, काहीतरीच काय! तेवढ्यात त्यांनी मान वळवली. हातात चाकू होता.

पुढच्या स्टॉपला मी उडी मारल्यासारखी उतरले आणि मागे चालत आले.  चोराच्या मागे लागल्यासारखं वाटत होतं, आणि चोर कोण, तर राऊळ सर.

"सर!"

ते इतके दचकले की चाकू हातातून पडला.

"काय करताय हे तुम्ही?"

"काही नाही गो भारती. जरा..."

"जरा काय? साल सोलताय झाडाची! तुम्ही!"

रस्त्यावरचा एक भेळवाला बघायला लागला. सरांनी पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं. मला रडायलाच आलं. आता कुणी म्हणेल, एका झाडाची बोटभर साल काढली तर एवढं काय आभाळ कोसळलं? म्हणणाऱ्याला राऊळ सर माहीत नाहीत.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात सर निवृत्त होईपर्यंत बायॉलॉजी शिकवायचे आणि मी त्यांच्या लॅबमध्ये असिस्टंट. मी बारावी सायन्स, तेही दुसऱ्या झटक्यात पास झालेली. बीकरला ग्लास म्हणायचे. बावीस वर्षं सरांबरोबर काढली, आणि जे काही मला येतं ते त्यांनी शिकवलं. माणूस मूळचा सावंतवाडीकडचा. रागावला की मालवणीत घुसायचा. एरवी आवाज बारीक, पण शब्द असा तोडून बोलायचे की शेवटच्या बाकावरचाही ताठ बसायचा. "दिसतं ते सांग, वाटतं ते सांगू नको," हे तर दिवसातून दहा वेळा. कुणी पोरगी मायक्रोस्कोपला डोळा लावून म्हणाली, "सर, मला वाटतं की..." की सर तिला तिथेच थांबवायचे. "वाटणं घरी. इथे दिसणं."

त्यांची आणखी एक पद्धत होती, तिला सगळं कॉलेज हसायचं. स्वतः एखादी स्लाइड बघितली की सर लगेच काही बोलायचे नाहीत. बाजूला व्हायचे आणि हाक मारायचे, "दुसरा डोळा!" म्हणजे मी. हातातलं काम टाकून मी जायचे, बघायचे, आणि दिसेल ते सांगायचे. त्यांना काय दिसलं ते आधी कधीच सांगायचे नाहीत. मी सांगितलेलं त्यांच्याशी जुळलं तरच वहीत लिहायचे. नाही जुळलं तर नवी स्लाइड. कुणी म्हणालं, "सर, तुम्ही एमएस्सी, ती बारावी, तिचं काय ऐकता?" तर म्हणायचे, "तिचा डोळा काय बारावी नापास आहे काय?" मी तेव्हा कोपऱ्यात उभी राहून फुगायचे. सांगायला लाज कसली.

एकदा आरे कॉलनीत पोरांना फिल्डला घेऊन गेलो होतो. एका दांडगट पोराने येता येता सहज फांदी मोडली, उगाच, हाताला चाळा म्हणून. सर ओरडले नाहीत. "मोडलीस ना? मग आता हिचं एक पान फुकट जायचं नाही." ती अख्खी फांदी त्याला दिवसभर हातात धरून फिरायला लावली. बसमध्येही. कंडक्टर म्हणाला, "हे काय जंगल घेऊन चाललायस?" आणि नंतर दोन आठवडे त्या पोराने एकेक पान वर्तमानपत्रात दाबून, वाळवून, चिकटवून, प्रत्येकाखाली नाव लिहिलं. शेवटी पोरगा रडकुंडीला आला. आज तो फॉरेस्टमध्ये नोकरीला आहे, आणि सरांना अजून फोन करतो.

सामंत मॅडमचं प्रकरण तर विचारूच नका. त्या इकॉनॉमिक्सच्या. कुठूनशी वजन कमी करायची पावडर आणली, हिमालयातली मुळी म्हणे, आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना गरम पाण्यातून पाजायला लागल्या. राऊळ सरांनी चिमूटभर मागून घेतली. मॅडम खूश, त्यांना वाटलं राऊळही लायनीत आले. सरांनी लॅबमध्ये येऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. निळंकाळं झालं. मग लेन्सखाली. मग "दुसरा डोळा!" मी बघितलं आणि फिस्सकन हसले. बटाट्याचा स्टार्च, दुसरं काय. सरांनी ती स्लाइड मायक्रोस्कोपसकट उचलून स्टाफरूमच्या टेबलावर मधोमध नेऊन ठेवली. "मॅडम, हिमालयात बटाटे झकास येतात वाटतं." मॅडम दोन वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मी तेव्हा सरांना म्हटलंही, "सर, एकटीला बाजूला घेऊन सांगायचं होतं ना." ते खरोखर गोंधळले. "खरं सांगायचं तर बाजूला कशाला?" त्यांना ते कळतच नव्हतं. हा माणूस वाईट नव्हता हो, पण खरं बोलल्यावर समोरच्याचं काय होतं, तिकडे त्यांचं लक्षच जायचं नाही.

आणि असा हा माणूस हायवेवर चाकू घेऊन.

त्यांना मी सर्व्हिस रोडच्या कठड्यावर बसवलं, पाणी दिलं. मग हळूहळू निघालं. शैला वहिनींचा, म्हणजे सरांच्या मिसेसचा, कॅन्सर मला माहीत होता. दोन वर्षं चाललं होतं. डॉक्टरांनी दिवाळीनंतर सांगून टाकलेलं की आता आणखी औषधं नकोत, घरी न्या, खातील ते खाऊ द्या. पण वहिनी खायच्याच नाहीत. चमचाभर पेजही उलटून पडायची. तेवढ्यात वहिनींचा अमेरिकेतला भाचा आला आणि एक पुडा देऊन गेला. लापाचो. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा झाडाची आतली साल, तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या उकळून चहासारखी पितात म्हणे, सगळ्या दुखण्यावर. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, याने काही होणार नाही, पण आता त्यांना हवं असेल तर अडवू नका.

"आणि भारती," सर म्हणाले, "ती जेवायला लागली."

त्यांनी बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. 

"आधी पेज. मग मऊ भात. परवा म्हणाली, माका बांगडो खावचोसो वाटता. मी भांडुपच्या कोळणीकडून घेऊन आलो. अर्धा खाल्ला गो तिने."

पुडा संपत आला होता. दुसरा भाच्याने पाठवला होता तो कस्टममध्ये अडकलेला. दोन दिवसांपुरतं उरलं होतं. आणि सरांना आठवलं की ही हायवेवरची गुलाबी झाडं त्या झाडाच्या नात्यातली.

"नात्यातली म्हणजे तीच?" मी विचारलं.

"नाही. चुलत."

"चुलत? सर, पोराने परीक्षेत असं लिहिलं असतं तर तुम्ही त्याला वर्गाबाहेर काढलं असतं!"

"म्हणूनच तर," ते चिडून म्हणाले. "तशीच थोडी देणार आहे मी तिला? आधी बघणार. पुड्यातली साल आणि ही साल, शेजारीशेजारी. लॅबची चावी आहे ना तुझ्याकडे?"

मी हो म्हटलं. खरं तर मला धक्क्यावर धक्के बसत होते, आणि सगळ्यात मोठा धक्का मी तोंडातच गिळला. पुडा येऊन तीन महिने झाले होते. बटाट्याची पावडर पाच मिनिटांत पकडणाऱ्या माणसाने तो एकदाही लेन्सखाली घातला नव्हता. मला एक फोन केला असता तर मी काम झालं की लॅब उघडून दिली असती. त्यांनी केला नाही. कारण वहिनी जेवत होत्या. एवढं साधं होतं ते, पण तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दुपारी पोरं गेल्यावर सर लॅबमध्ये आले. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच. ब्लेड हातात घेतलं आणि हात पूर्वीसारखेच चालायला लागले. हायवेच्या सालीचे पातळ काप, रंगाचा थेंब, काच. बघितलं, मान हलवली. मी बघितलं. साल सालीसारखीच होती, आमच्या वहीतल्या चित्रासारखी. मग त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. भाच्याच्या पुड्यातले तांबूस तुकडे आणि चुरा. ते पाण्यात मऊ करून त्याची स्लाइड केली. डोळा लावला.

खूप वेळ ते तसेच राहिले. मी ब्रश धूत होते. मग ते बाजूला झाले. हाक मारली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी हात पुसत गेले.

बघितलं आणि लगेच कळलं. "सर, ही साल नाहीये."

"काय दिसतं?"

"झायलम. सगळं लाकूडच. व्हेसल्सच्या नळ्या दिसतायत, ठिपक्याठिपक्यांच्या. सालीचा एक तुकडा नाही यात."

"परत बघ."

मी परत बघितलं. फोकस पुढेमागे केला. "लाकूडच आहे सर. भुसा आहे हा."

"भारती. परत एकदा बघ."

बावीस वर्षांत त्यांनी मला दोनदाच्या वर कधी बघायला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, परीक्षा घेतायत. मला वाटलं, मी चुकतेय का ते बघतायत. मी शहाणी, तिसऱ्यांदा डोळा लावला, स्लाइडचा कोपरान्‌कोपरा फिरवला, आणि अशी ठणठणीत म्हणाले, "शंभर टक्के लाकूड. कुणीतरी सुतारकामाचा भुसा भरून पाठवलाय."

सर म्हणाले, "शाब्बास."

मग त्यांनी स्वतः काच धुतली, ब्लेड पुसून ठेवलं आणि टोपी घालून निघून गेले. हायवेची साल टेबलावरच राहिली. मी मूर्ख, घरी जाईपर्यंत खुशीत होते. म्हटलं, आपल्याला अजून सगळं येतं! नवऱ्यालाही सांगितलं. भाजी निवडताना एकदम माझे हात थांबले. आई गं! ते मला परत बघायला का सांगत होते ते तेव्हा कळलं. राऊळ सर आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलायला विनवत होते, आणि मी पोपटासारखं खरं सांगत सुटले होते.  मी फोन उचलला, पण काय बोलणार? सर, साल होती ती, मी चुकले?

पाच-सहा दिवसांनी धीर करून मुलुंडमध्येच त्यांच्या घरी गेले. दार सरांनीच उघडलं. दाढी वाढलेली. आतल्या खोलीत वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. माझा आवाज ऐकून या कुशीवर वळल्या.

"ये गो. हे म्हणाले, तू बघितलंस म्हणे तो भुसा."

मला जमीन दुभंगावी असं वाटलं. या बाबाने त्याच संध्याकाळी घरी जाऊन सांगून टाकलं होतं! सगळं! स्टाफरूममध्ये स्लाइड नेऊन ठेवली तसं.

"वहिनी, तसं नाही हो..."

"बरं केलंस. तुझा डोळा चांगला, हे नेहमी सांगतात." वहिनी शांतपणे बोलत होत्या, त्यानेच जास्त भीती वाटत होती. "मी भुसा पीत होते आणि म्हणत होते भूक लागते. म्हणजे ती भूकही खोटीच असणार ना? आता लागत नाही. गेले चार दिवस काही जात नाही खाली."

मी स्वयंपाकघरात आले. सर ओट्याला टेकून उभे होते. भाच्याचा दुसरा पुडा आदल्या दिवशीच आला होता, बंदच्या बंद, डब्यांच्या रांगेत ठेवलेला.

मी दबक्या आवाजात म्हटलं, "सर, कशाला सांगितलंत? काय अडलं होतं?"

"तिने विचारलं, आज चहा का नाही? मग काय सांगू?"

"काहीही! संपला सांगायचं. येतोय सांगायचं!"

"मला येत नाही गो," राऊळ सर म्हणाले. साठी उलटलेला माणूस, आणि पोहता येत नाही म्हणावं तसं त्यांनी ते सांगितलं. "मला ते येतच नाही. शिकलोच नाही कधी."

मला इतका राग आला होता आणि इतकी दया आली होती की दोन्हीचं काय करावं कळेना. मी तो पुडा उचलला, फोडला, मूठभर रुमालात बांधला. मुद्दाम मोठ्याने म्हटलं, वहिनींना ऐकू जाईल असं, "उद्या तपासून सांगते. हा दुसरा लॉट आहे. सगळेच काही चोर नसतात."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये स्लाइड केली. का केली? न करता खोटं बोलता आलं असतं. पण बावीस वर्षांची सवय, हात ऐकेनात. बघितलं. तेच. लाकूड, लाकूड, लाकूड. पुसून टाकली. मग हायवेच्या सालीचे ते काप मी टेबलावरून उचलून कपाटात ठेवले होते, त्यातला एक चांगलासा निवडला, रंग दिला, काच लावली, वर कागद चिकटवून त्यावर लिहिलं, पुडा क्रमांक दोन. डबीत घालून पर्समध्ये ठेवली. सर मागणार याची मला खात्री होती. तो पहिला पुडा सोडला तर सरांनी न बघता मान्य केलेली एक गोष्ट मी आजवर बघितली नव्हती. कुणी येत नाही ना, म्हणून दोनदा दाराकडे बघितलं. चोरी करताना माणसाला असंच होत असणार.

घरी गेले. वहिनींना उशीला टेकून बसवलं होतं. सर दारातल्या स्टुलावर. मी चपला काढता काढताच सुरू केलं, "साल आहे! या वेळची चोख. सगळी साल."

"नीट बघितलंस?" वहिनींनी विचारलं.

"तीनदा बघितलं वहिनी."

मग मी सरांकडे वळले. पर्सच्या चेनवर बोट ठेवून. ते माझ्याकडे बघत होते, चष्म्यावरून, जसे तोंडी परीक्षेत पोरांकडे बघायचे. आता हात पुढे करतील. आता म्हणतील, दाखव. 

सर उठले आणि गॅसवर पाणी ठेवायला गेले.

मला अजून आठवलं की धक्का बसतो. आत मी ओट्याशी गेले तर ते पातेल्यात ते तांबडे तुकडे टाकत होते, मोजूनमापून, चमच्याने सपाट करून.   पाणी लाल झालं. त्यांनी तीन कप मांडले. वहिनींसाठी एकच कप लागायचा, सर स्वतः असल्या गोष्टीला शिवत नसत. मी म्हटलं, तीन? त्यांनी गाळणं शोधलं आणि तीनही भरले.

वहिनींनी कप हातात धरला, पण तोंडाला लावेनात. आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. सरांनी आपल्या कपातला मोठा घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"कडू आहे हां शैला. पहिला नुसता तुरट म्हणायचीस तू. हा असली आहे." मग मान न वळवता म्हणाले, "भारती, तुला कसा लागतो? तू सांग."

मी घोट घेतला. त्याला चवच नव्हती. रंग होता फक्त, बाकी कोमट पाणी.

"कडू आहे सर," मी म्हटलं. "कडूजहर."

"बघ," सर वहिनींना म्हणाले. "दोघांनी बघितलं."

 वहिनींनी नवऱ्याकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं, गेलं सगळं, वाट लागली. चाळीस वर्षं संसार केलेली बाई ती. तिला या माणसाचा खरा चेहरा पाठ होता, आणि हा दुसरा ती पहिल्यांदाच बघत होती. मग त्यांनी डोळे मिटले आणि घोटघोट करत कप संपवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माका वायच पेज दी."

सर धावलेच. वहिनी त्यानंतर दोन महिने होत्या, आणि शेवटचे काही दिवस सोडले तर जेवत होत्या. मग सर मुलीकडे बोरिवलीला गेले, आमचं फोनवर बोलणं होतं अधूनमधून, त्या दिवसाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. माझ्या डोळ्यांपुढे सर येतात ते त्याच संध्याकाळचे. मी निघताना दारातून मागे वळून बघितलं. सर पलंगाच्या कडेला बसून वहिनींना पेज भरवत होते. वहिनी चमच्यासाठी तोंड उघडायच्या, आणि दर वेळी त्यांच्याबरोबर सरांचंही तोंड उघडायचं.